खांबाचा पत्रा जाड असला म्हणजे पुरे का?

गोदामासाठी रॅक घेताना ‘खांबाचा पत्रा जाड घ्या, मग बीम (खांबांना जोडलेले, माल पेलणारे आडवे दांडे) कुठेही लावा’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे. जाडी महत्त्वाची असतेच, त्यामुळे तो पटणे स्वाभाविक आहे; परंतु तो अर्धाच खरा आहे.

असा उभा खांब बहुधा चिरडून नव्हे, तर बाजूला वाकून निकामी होतो, आणि हे वाकणे दोन बीममधील, किंवा तळाशी जमीन आणि पहिला बीम यांमधील, मोकळ्या उंचीवर फार अवलंबून असते. सडपातळ खांबाच्या बाबतीत ही उंची दुप्पट झाली, तर पेलता येणारा भार सुमारे एक चतुर्थांश उरतो. सोफे किंवा मोठी खोकी मावावीत म्हणून खालचा बीम वर सरकवला जातो, तेव्हा नेमके हेच घडते. शिवाय वरच्या सर्व मजल्यांचा भार त्याच तळच्या भागावर येत असतो.

रॅकवरील भारक्षमतेच्या पाटीवर बीमसाठी दिलेले वजनही सहसा सारख्या पसरलेल्या मालासाठी असते. तेवढ्याच वजनाची मोटर ऐन मध्यावर ठेवली, तर बीमला वाकवणारा जोर दुप्पट होतो.

हे तपासता येते. पाटीवर प्रत्येक मजल्याचा भार, संपूर्ण गाळ्याचा (दोन खांबचौकटींमधील सर्व मजल्यांचा) भार आणि पहिल्या बीमची उंची दिली आहे का, ते पाहावे. भरलेल्या बीमच्या दोन्ही टोकांना दोरी ताणून मधला झोल मोजावा; लांबीचा २०० वा भाग, म्हणजे २७०० मिमीच्या बीमसाठी १३.५ मिमी, ही रूढ मर्यादा आहे. माल उतरवल्यावरही झोल राहिला, तर तो बीम बदलावा. बीमची उंची बदलायची असल्यास उत्पादकाकडून नवा भार-तक्ता (कोणत्या उंचीला किती भार चालेल, याचा तक्ता) आधी मागून घ्यावा.