फायलोजीनोमिक्स

फायलोजीनोमिक्स : सजीवांचे वंशसंबंध एक-दोन जनुकांऐवजी शेकडो जनुकांवरून किंवा संपूर्ण जीनोमवरून (सजीवाच्या सर्व डीएनएवरून) ठरवण्याची पद्धत. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जोनाथन आयसेन यांनी १९९० च्या दशकाअखेरीस ही संज्ञा वापरली, तेव्हा तिचा रोख वंशवृक्षावरून अनोळखी जनुकाचे कार्य ओळखण्यावर होता. तो अर्थ आता मागे पडला आहे.

इतकी जनुके लागतात, कारण जनुकाचा इतिहास आणि जातीचा इतिहास नेहमी जुळत नाही. चिंपांझी हा माणसाचा सर्वांत जवळचा नातलग, यात वाद नाही. तरीही २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोरिलाच्या जीनोमचा सुमारे ३० टक्के भाग असा निघाला, की तिथे गोरिला या दोघांपैकी एकाच्या जास्त जवळचा दिसतो. पूर्वजांच्या समूहात एकेका जनुकाची अनेक रूपे होती आणि त्यांची वाटणी पुरी होण्याआधीच पुढची फाटाफूट झाली. नेमके अशा भागातले जनुक निवडले, तर वृक्ष चुकतो.

नमुना. बहुतेक कामे बिघडतात ती संगणकावर नव्हे, इथेच. कोल्हापूरजवळचे मसाई पठार किंवा दाजीपूरचे जंगल इथल्या अनेक वनस्पती पावसाळ्यातच वर येतात आणि त्या हवेत पान वाळता वाळत नाही. कोवळे पान तुकडे करून त्याच्या किमान दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये ठेवतात. निळे दाणे गुलाबी झाले की लगेच बदलायचे. पान साधारण दिवसभरात कडकडीत वाळले पाहिजे. हळूहळू तपकिरी पडलेल्या पानातला डीएनए तुटलेला असतो. कंदीलपुष्पासारख्या (सेरोपेजिया) दुर्मिळ वनस्पतीचे एखाद-दुसरे पान पुरते, कंद उपटू नये. त्याच झाडाचा वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहात जमा करणे सक्तीचेच समजावे. ओळख चुकली असेल, तर तपासायला दुसरे काही उरत नाही. नमुना किंवा डीएनए परदेशी पाठवायचा असल्यास जैवविविधता कायदा, २००२ आधी पाहावा.

डीएनए काढताना पान चुरून ६५ अंश सेल्सिअसच्या सीटॅब (पेशी फोडणारे अपमार्जक) द्रावणात ठेवतात. पानातली फेनॉल संयुगे डीएनए खराब करतात, त्यावर उपाय म्हणून पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायने घालतात. मग क्लोरोफॉर्म व आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१) वापरून प्रथिने वेगळी होतात आणि आयसोप्रोपेनॉलने डीएनए खाली बसतो. तो बुळबुळीत, पिपेटला चिकटणारा आला तर त्यात पिष्ट-शर्करा राहिल्या आहेत; द्रावणातले मीठ वाढवून पुन्हा करावे. २६० व २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचे गुणोत्तर (२६०/२८०, प्रथिनांची भेसळ दाखवणारे) १.८ च्या आसपास असले म्हणून खूश होऊ नये. २६०/२३० (शर्करा, फेनॉल यांची भेसळ दाखवणारे) दीडच्या खाली असेल, तर पुढची विकरे (एन्झाइम) काम करीत नाहीत.

वाचन, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा क्रम काढणे. कमी खर्चात हरितलवकाचा सुमारे दीड लाख आधारजोड्यांचा जीनोम मिळतो. सपुष्प वनस्पतींसाठी ३५३ केंद्रकीय जनुके पकडणारा प्रोबसंच (जनुकाला जुळून चिकटणाऱ्या तुकड्यांचा संच, २०१९) जुन्या संग्रहातल्या नमुन्यांवरही चालतो, आणि मर्यादित पैशांत आज तोच शहाणपणाचा पर्याय आहे.

मांडणी. आधी हलक्या दर्जाची वाचने छाटतात आणि तुलनेसाठी ऑर्थोलॉग, म्हणजे जाती फुटताना वेगळी झालेली जनुके, निवडतात. जनुकाची जीनोममध्येच दुसरी प्रत तयार झाली असेल तर ती पॅरालॉग. एका जातीची पहिली प्रत आणि दुसरीची दुसरी प्रत शेजारी ठेवली, की काका-पुतण्याला सख्खे भाऊ ठरवल्यासारखे होते. त्यानंतर संगणक-प्रणालींचे काम : माफ्टने जनुकांच्या ओळी जुळवणे, आयक्यू-ट्रीने प्रत्येक जनुकाचा वृक्ष काढणे आणि ॲस्ट्रलने त्या सर्वांवरून जातींचा वृक्ष बांधणे. सगळे पर्याय तपासणे शक्यच नसते : फक्त १० जातींचे मूळ न धरलेले (पूर्वज कोणत्या टोकाला हे न ठरवलेले) २०,२७,०२५ वृक्ष होतात.

पाठबळाचे, म्हणजे फांदी किती खात्रीची हे सांगणारे, आकडे जपून वाचावेत. आयक्यू-ट्रीच्या जलद बूटस्ट्रॅपमध्ये (विदेतून, म्हणजे डेटातून, पुन्हा पुन्हा नमुने घेऊन वृक्ष तपासणे) ९५ किंवा अधिक असेल तरच फांदी भक्कम मानतात. पण विदा मोठी झाली की चुकीच्या फांदीलाही १०० मिळू शकतात. भराभर बदललेल्या दोन लांब फांद्या नाते नसताना एकमेकींना चिकटतात, हा दोष जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी १९७८ मध्ये दाखवला. जनुके वाढवली म्हणून तो जात नाही, उलट पक्का होतो. मधली जात घालून किंवा संशयित जात काढून वृक्ष पुन्हा बांधावा. किती जनुकांना ती फांदी मान्य आहे, हेही मोजावे.

ऊस. कोल्हापूरच्या शिवारातला ऊस हे या पद्धतीपुढचे अवघड गणित आहे. आजचे वाण जाड, गोड सॅकॅरम ऑफिसिनॅरम (८० गुणसूत्रे) आणि काश गवत म्हणजे सॅकॅरम स्पॉन्टेनियम (४० ते १२८) यांच्या संकरातून आणि पुढच्या प्रतिसंकरांतून आले. त्यांत १०० ते १३० गुणसूत्रे असतात. एकेका जनुकाच्या अनेक प्रती आणि त्याही दोन घराण्यांच्या. हरितलवक आईकडून येते आणि आईची बाजू ऑफिसिनॅरमची, त्यामुळे हरितलवकाच्या वृक्षात काशचा मागमूस लागत नाही. अशा वेळी फांद्यांचा वृक्ष सोडून जाळे, म्हणजे फांद्या पुन्हा जुळणारी आकृती, काढावे लागते.

कंदीलपुष्प. सेरोपेजिया या प्रजातीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) दीर्घकाळ काम झाले आहे. मोजक्या डीएनए खंडांवरूनच दिसले, की ब्रॅकिस्टेल्मा आणि निवडुंगासारखे मांसल स्टॅपेलिया गट सेरोपेजियाच्या फांद्यांमध्येच येतात. २०१७ मध्ये हे सारे सेरोपेजियात विलीन करण्याचा प्रस्ताव आला. सर्वच वनस्पतिशास्त्रज्ञ ही नवी नावे वापरत नाहीत, त्यामुळे नमुन्याच्या चिठ्ठीवर जुने नावही लिहून ठेवावे.