मॅप चार्ट आणि मराठवाड्याचा डेटा

मॅप चार्ट म्हणजे शीटमधले गावा-तालुक्यांचे आकडे सॉफ्टवेअरनं नकाशावर मांडून दाखवणं. टॅब्लो, पॉवर बीआय किंवा फुकट मिळणारं क्यूजीआयएस, काहीही घ्या, हा कॉलम जिल्ह्याचा, हे अक्षांश, हे रेखांश एवढं सांगितलं की नकाशा उमटतो, फक्त क्यूजीआयएसमध्ये जिल्हे रंगवायला त्यांच्या सीमांची फाइल आधी जोडावी लागते. दोन प्रकार जास्त चालतात, ठिपक्यांचा आणि जिल्हे-तालुके रंगवलेला.

मराठवाड्याचा नकाशा करायला बसलं की खरी मेहनत नावांवर होते. आधी तर "मराठवाडा" हे नाव सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा कळतच नाही, ८ जिल्ह्यांचा ग्रुप आपणच करायचा. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद आणि उस्मानाबाद आहे, २०२३ नंतरच्या फाइलींमध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, त्यात बीडचं इंग्रजी स्पेलिंग जनगणनेत बी-आय-डी आणि बाकी सगळीकडे डबल ई, आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येपण आहे, म्हणून राज्याचा कॉलम दिला नाही तर ठिपका तिकडं जाऊ शकतो. नावावर विसंबू नका, जनगणनेचा कोड, म्हणजे जनगणनेनं प्रत्येक जिल्ह्या-तालुक्याला दिलेला नंबर, वापरा, तोही टेक्स्ट म्हणून, कारण तालुक्यांच्या कोडमधलं सुरुवातीचं शून्य एक्सेल खाऊन टाकतं.

जुन्या डेटात अजून एक अडचण. हिंगोली परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला. त्याआधीचे आकडे आजच्या सीमांवर टाकले की हिंगोली कोरा आणि परभणी फुगलेला दिसतो.

अक्षांश-रेखांशातली चूक मात्र लगेच पकडता येते. संभाजीनगर साधारण १९.८८ उत्तर, ७५.३४ पूर्व. दोन्ही उलटे भरले की शहर नॉर्वेच्याही वर आर्क्टिक समुद्रात जातं. पण १९ अंश ५३ मिनिटं हे कुणी १९.५३ असं टाइप केलं तर ठिपका जवळपास ४० किलोमीटर दक्षिणेला पैठणच्या अंगाला सरकतो, आणि ते सहज लक्षात येत नाही कारण ठिपका मराठवाड्यातच असतो! मिनिटांना ६० नं भागून मगच अंशात मिळवायचं.

रंगाच्या नकाशात एकूण आकडा भरू नये. नांदेडला १६ तालुके, हिंगोलीला ५, टँकरची नुसती संख्या रंगवली तर नांदेड गडद दिसण्याचीच शक्यता जास्त, मग तहान हिंगोलीत जास्त असली तरी. दर १०० गावांमागे किती टँकर, असं काढलं की चित्र बदलतं. पावसाचं तर जिल्ह्याच्या सरासरीवर बघूच नये असं माझं मत आहे, कारण अतिवृष्टी धरतात ती महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडल्यावर, आणि एका मंडळात सोयाबीन वाहून गेलेलं असताना शेजारचं मंडळ कोरडं असू शकतं. जिल्ह्याच्या एका रंगात ती दोन्ही मंडळं सारखीच दिसतात.