होडीतली स्क्रूची भोकं आणि ‘फिलर’ या शब्दाचा घोळ

लाकडी होडीत स्क्रूचं डोकं झाकणं हे इपॉक्सीच्या, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाच्या, कितीतरी आधीपासूनचं काम. लाकूड उघडं दिसणार असेल तिथं त्याच जातीच्या लाकडाचं बूच, रेषा जुळवून, वार्निशमध्ये बुडवून ठोकायचं आणि वर राहिलेला तुकडा पटाशीने तासायचा. रंग द्यायचा असेल तिथं खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबी (पुट्टी) चालायची. पाण्याखालच्या भागासाठी तिच्यात शेंदूर घालत.

इपॉक्सी 1940 च्या दशकाच्या अखेरीस विक्रीला आली आणि होड्यांच्या कामात 1970 च्या दशकात खऱ्या अर्थाने रुळली. तिच्यामुळे स्क्रूचं कामच बदललं, आणि हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. जोड चिकटून राहायला गोंदच पुरेसा ठरला. स्क्रू उरला तो इपॉक्सी घट्ट होईपर्यंत फळी दाबून धरण्यापुरता. आधी स्क्रूला मेण लावायचं आणि दुसऱ्या दिवशी काढून घ्यायचा. मेण लावायचं राहिलंच, तर तापलेलं सोल्डरिंग आयर्न डोक्यावर टेकवून भोवतीची इपॉक्सी मऊ करायची. म्हणजे पूर्वी डोकं झाकायचं होतं, आता रिकामं भोक बुजवायचं आलं.

घोळ सुरू झाला तो इथं. इपॉक्सीत कालवायच्या कुठल्याही पावडरीला ‘फिलर’ म्हणायची सवय लागली, आणि दोन अगदी वेगळ्या वस्तू एका नावाखाली आल्या. कोलॉइडल सिलिका इपॉक्सीला दाट करते. उभ्या फळीतूनही ती ओघळत नाही, आणि वाळली की दगडासारखी होते. मायक्रोबलून म्हणजे पोकळ, हलके गोळे. त्यांचं मिश्रण पॉलिशपेपरखाली सहज घासलं जातं, पण ताकदीला कमी. नावावर विसंबून सिलिकाने काठोकाठ भरलेलं भोक घासायला घ्या: भोवतीचं मऊ लाकूड झिजतं, मधली टिकली तशीच उभी राहते. आणखी घासलं की तिच्याभोवती बशीसारखा खळगा पडतो, आणि चकचकीत गडद रंगाखाली तो लांबूनही दिसतो.

माझ्या मते भरणं आणि सपाट करणं ही दोन कामं आहेत, आणि त्यांना दोन शब्द हवेत. आधी भोकाच्या कडांना साधी, पातळ इपॉक्सी पाजायची, नाहीतर लाकूड मिश्रणातली इपॉक्सी शोषून घेतं आणि सकाळी मध्ये खळी पडलेली असते. मग सिलिकाचं दाट मिश्रण, पृष्ठभागाच्या जरा खाली थांबवून. वरचा पातळ थर मायक्रोबलूनचा. मधे रात्र गेली तर पृष्ठभागावर येणारा मेणचट थर पाण्याने धुवायचा. तो घासत बसलं तर पेपर चोंदतो. हे दोन टप्प्यांचं काम वेळखाऊ म्हणून टाळलं जातं, आणि पुढे सगळी बाजू पुन्हा घासावी लागते.

वार्निशच्या होडीत यातलं काहीच चालत नाही. इपॉक्सीत लाकडाचं पीठ घातलं तरी भोकाचा ठिपका गडद दिसतो. तिथं आजही बूचच बसवतात. कुणी ते इपॉक्सीत बसवतं, तर खालचा स्क्रू पुढे कधी काढावा लागेल म्हणून कुणी जुन्या पद्धतीने वार्निशमध्येच.