अजून कागदच दुमडतेय?

दिवाळीत बहिणीकडे गेलो होतो. भाची डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. चहा पिता पिता मेव्हणे म्हणाले, "एवढी फी भरली, चार महिने झाले, आणि ही अजून कागदच दुमडतेय. अभ्यास कधी सुरू होणार?" भाची काही बोलली नाही. चार महिन्यांत आपण काहीतरी शिकलोय हे तिला कळत होतं, पण ते सांगायचं कसं हे कळत नव्हतं. मी बरीच वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो, त्यामुळे उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा घाईत काहीतरी सांगितलं. ते नीट सांगायला हवं होतं.

तिला दिलेलं काम असं होतं. 80 जीएसएमचा, म्हणजे झेरॉक्सला वापरतात तो, एकच ए-फोर कागद. 20 सेंटिमीटर अंतरावर दोन पुस्तकं ठेवायची, त्यांच्यावर या कागदाचा पूल करायचा आणि पुलावर जमेल तेवढं वजन ठेवायचं. कात्री नाही, गोंद नाही, टाचणी नाही.

सपाट कागद ठेवला की तो मधे झोळ खातो. रुपयाचं नाणं ठेवलं की कोसळतो. दहा-पंधरा मिनिटांत वर्गातलं कुणीतरी कागदाला पंख्यासारख्या घड्या घालतं, आणि त्याच कागदावर नाण्यांची चळत उभी राहते. हे का होतं? कोणतीही वस्तू वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मधल्या रेषेपासून हे थर जितके लांब, तितकी ती वस्तू वाकायला कठीण. कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर. घडीची उंची 10 मिलिमीटर धरली तर ती जाडीच्या 100 पट झाली. वाकण्याला होणारा विरोध या पटीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे कागदी हिशेबाने तब्बल 10,000 पट. कागद तोच, वजनही तेवढंच, बदलला तो फक्त आकार. घरावरचा पन्हाळी पत्रा पातळ असूनही माणसाचं वजन पेलतो तो याच कारणाने.

प्रत्यक्षात मात्र 10,000 पट हाती लागत नाहीत. वजन वाढलं की घड्या दोन्ही बाजूंना पसरतात. पसरल्या की उंची गेली, आणि उंची गेली की ताकदही गेली. खरा अभ्यास सुरू होतो तो इथे. एक मुलगी टोकांच्या घड्या आत मुडपून त्यांना कुलूप घालते. दुसरा कडेची पट्टी उभी करून भिंत करतो. तिसरा घड्याच बारीक करतो, आणि मग उंची कमी झाल्यामुळे पूल आधीपेक्षाही लवकर बसतो. त्या तिसऱ्याला त्या दिवशी जे समजतं, ते फळ्यावर सूत्र लिहून दिलं असतं तरी समजलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. सूत्राला मी कमी लेखत नाही. बोटांना आधी प्रश्न पडलेला असला की सूत्र पुढे नीट डोक्यात बसतं.

या सगळ्यात शिकवणाऱ्याचं ज्ञान कुठे आहे? ते त्या तीन 'नाहीं'मध्ये आहे. गोंद दिला असता तर मुलांनी घड्या चिकटवून टाकल्या असत्या आणि घड्या पसरतात हे कुणाला दिसलंच नसतं. कात्री दिली असती तर कागदाच्या पट्ट्या झाल्या असत्या. काय द्यायचं नाही हे ठरवायला तो विषय आतून माहीत असावा लागतो.

ही पद्धत शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत रुजली. 1919 मध्ये वायमार शहरात बाउहाउस ही कलाशाळा निघाली. तिथे योहानेस इटेन यांनी सगळ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा एक पायाभूत वर्ग सुरू केला. इटेन मुळात प्राथमिक शिक्षक. बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या फ्रोबेलच्या पद्धतीत त्यांची तयारी झाली होती, त्यामुळे हातात वस्तू देऊन शिकवणं त्यांना नवं नव्हतं. खरखरीत आणि गुळगुळीत, जड आणि हलकं अशा जोड्या ते मुलांना हाताळायला लावत. 1923 मध्ये इटेन गेल्यावर हा वर्ग लास्लो मोहोली-नागी आणि योसेफ आल्बर्स यांच्याकडे आला.

आल्बर्स यांच्या एका विद्यार्थ्याने पहिल्या तासाची आठवण सांगितली आहे. सर वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, ते वाटले, यातून काहीतरी करा, वाया घालवू नका, असं सांगून निघून गेले. परत आले तेव्हा समोर किल्ले, विमानं, प्राणी असं बरंच काही होतं. ते सगळं बाजूला सारून त्यांनी एक साधा, उभा दुमडलेला कागद उचलला. किल्ला दगडाचाही होतो, विमान धातूचं होतं. पण आडवा पडून राहणारा कागद एका घडीने स्वतःच्या कडेवर उभा राहतो, हे कागदाचंच काम. मेव्हण्यांच्या घरी चार महिने जे चाललंय त्याचं मूळ इथे आहे.

आल्बर्स यांचा दुसरा मोठा विषय रंग. नाझींच्या दबावामुळे 1933 मध्ये बाउहाउस बंद पडलं, ते अमेरिकेला गेले आणि तिथे अनेक वर्षं एक स्वाध्याय देत राहिले: एकच रंग दोन वेगळे रंग वाटतील असं करून दाखवा. आजही पहिल्या वर्षात हे काम असतंच. एकाच राखाडी कागदाचे दोन छोटे चौकोन कापायचे. एक पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर ठेवायचा, दुसरा गडद जांभळ्यावर. पिवळ्यावरचा काळपट, जांभळट दिसतो. जांभळ्यावरचा उजळ होतो आणि त्यात पिवळसर झाक येते. मुलं चौकोन उचलून पुन्हा शेजारी शेजारी धरून बघतात. खात्री पटली तरी खाली ठेवल्यावर डोळे ऐकत नाहीत.

पॅरिसच्या गोबेलिन विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्यासमोर हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला होता. काळा रंग फिका पडतोय अशी तक्रार होती. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी तो काळा मलूल दिसत होता. 1839 मध्ये त्यांनी याचे नियम सविस्तर प्रसिद्ध केले. डोळा आणि मेंदू मिळून प्रकाशाचं नुसतं माप घेत नाहीत, ते शेजाऱ्याशी तुलना करतात. साडीच्या दुकानात हे रोज घडतं. चिंतामणी रंगाच्या दोन साड्या, अंगाचा धागा एकच, एकीचा काठ डाळिंबी आणि दुसरीचा हिरवा. दुकानदार "ताई, रंग एकच आहे" म्हणत राहतो आणि ताईंना पटत नाही. ताईंना दिसतंय तेही खरंच असतं.

आता मेव्हण्यांच्या मुख्य शंकेकडे. असल्या कामांनी विचार करण्याची पद्धत खरंच बदलते का? डिझायनर विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्या ब्रायन लॉसन यांनी 1979 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाच्या आणि विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना रंगीत ठोकळे दिले. ते एका पटावर असे मांडायचे की कडेने ठरलेला रंग जास्तीत जास्त दिसावा. त्यात एक छुपा नियमही होता. मांडणी चालते की नाही एवढंच सांगितलं जाई. विज्ञानाची मुलं निरनिराळे ठोकळे वापरून आधी तो नियम शोधू लागली. वास्तुकलेच्या मुलांनी थेट सगळ्यात चांगली मांडणी करून पाहिली, ती नापास झाली की त्याखालची दुसरी, मग तिसरी. उत्तर मांडता मांडताच त्यांना प्रश्न समजत गेला. नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या आणि वास्तुकलेच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवलेल्या मुलांवर तोच प्रयोग केला, तर त्यांची अशी एक ठरलेली पद्धत दिसली नाही. म्हणजे ही सवय उपजत नसावी, शिक्षणात कुठेतरी लागत असावी. माझ्या अनुभवाने ती स्टुडिओत, म्हणजे हाताने काम करत शिकायच्या वर्गात, लागते.

स्टुडिओतला संवाद कसा चालतो हे अमेरिकेतल्या डोनाल्ड शॉन यांनी बारकाईने टिपलं. त्यांचं पुस्तक 1983 चं. वास्तुकलेची एक विद्यार्थिनी म्हणते, शाळेची इमारत उताराच्या जागेवर बसतच नाहीये. सर तिच्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवतात आणि बोलत बोलत रेषा मारू लागतात: असं केलं तर काय होतं बघ, इथे पातळी बदलली, मग इथे जागा मिळाली. पेन्सिल आणि बोलणं वेगळं काढता येत नाही. ज्ञान दिलं जातं ते त्या दोन्ही मिळून.

इथेच गाडी रुळावरून घसरतेही. मी अशा ज्युऱ्या, म्हणजे सरांपुढे काम मांडून होणाऱ्या तपासण्या, पाहिल्या आहेत जिथे रात्रभर जागलेल्या मुलीला "नाही आवडलं, परत कर" एवढंच ऐकायला मिळालं. का आवडलं नाही, घडी कुठे पसरली, रंग कुणाशेजारी मेला, हे सांगितलं नाही तर मुलं विषय शिकत नाहीत, सरांची आवड ओळखायला शिकतात.

आपल्याकडेही या विचाराचा एक सुंदर नमुना आहे. 1958 मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने भारत सरकारला अहवाल दिला. त्याच्या पाठबळावर 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक आहे ते आपल्या लोट्याचं. लोटा कुणा एकाने घडवला नाही, पिढ्यांनी घडवला, असं म्हणून त्यांनी नुसते प्रश्न मांडले: पाणी किती मावायला हवं, कमरेवर घेतल्यावर तोल कसा राहतो, भरलेला आणि रिकामा असताना गुरुत्वमध्य कुठे जातो, ओतताना धार कशी पडते, हाताला कसा लागतो, आपटल्यावर आवाज कसा येतो. पुढे जे. जे.त शिकून जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत गेलेले सुधाकर नाडकर्णी यांच्यासारख्या माणसांनी, 1969 मध्ये सुरू झालेल्या पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये, असे प्रश्न विचारणारं शिक्षण मुंबईत उभं केलं.

आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांत लोटा कितीदा तरी काढला. छाया कुठे, उजेड कुठे, हे बघितलं. तो हातात घेऊन, अर्धा भरून, तिरका करून कुणी बघायला सांगितलं नाही.

अभ्यासक्रमाच्या छापील पानावर हे काहीच दिसत नाही. तिथे 'रेषा, आकार, पोत, रंग' एवढं असतं आणि पुढे तासांची संख्या. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक स्वाध्यायाखाली दोन ओळी छापा: काय वापरायचं नाही, आणि ते का. ते पान घरी नेऊन भाचीला वडिलांपुढे ठेवता येईल.