वॉर्डच्या दारापासून खाटेपर्यंत : निर्जंतुक हातांचा इतिहास

रुग्णालयात दाखल झाल्यावर लागणारा जंतुसंसर्ग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो, त्याचा सर्वांत नेहमीचा मार्ग म्हणजे तपासणाऱ्यांचे हात. हे कळून पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. हात कशाने धुवायचे याचं उत्तर लवकर मिळालं होतं. ते कधी आणि कुठे उभं राहून धुवायचे, हे ठरायला मात्र फार वेळ गेला. पुढचा इतिहास मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात 1840 च्या दशकात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. 1841 ते 1846 या सहा वर्षांत पहिल्या विभागातल्या साधारण 10 टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यातल्या साडेतीन टक्क्यांहून कमी. इमारत तीच, शहर तेच. पहिल्या विभागातले विद्यार्थी मात्र सकाळी शवविच्छेदन करून तसेच प्रसूती कक्षात येत. मार्च 1847 मध्ये याकोब कोलेच्का हे प्राध्यापक शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून वारले. त्यांच्या शरीरात बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रियांसारख्याच खुणा सापडल्या, आणि पहिल्या विभागातले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांना धागा मिळाला. साबणाने धुतल्यावरही हाताला प्रेताचा वास राहतो, म्हणजे हातावर काहीतरी उरतं, असा त्यांचा तर्क होता. तो वास घालवणारं क्लोरीनचं पाणी त्यांनी मे 1847 पासून सक्तीचं केलं. पुढे ते महाग पडतं म्हणून ब्लीचिंग पावडरचं पाणी वापरात आलं. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये 2.2 आणि जुलैत 1.2 टक्क्यांवर आलं.

इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. संसर्ग नियंत्रणाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची घटना ऑक्टोबर 1847 मधली आहे. हात क्लोरीनच्या पाण्यात धुवायचे ते वॉर्डात शिरताना, दारापाशी, एकदा. आत गेल्यावर दोन रुग्णांच्या मध्ये नुसता साबण. पहिल्या खाटेवर गर्भाशयाचा कर्करोग असलेली, सतत स्राव होणारी बाई होती. तपासणी तिच्यापासून सुरू होऊन ओळीने पुढे जाई. त्या वेळी प्रसूत झालेल्या 12 जणींपैकी 11 जणी दगावल्या. विष फक्त प्रेतातून येतं ही कल्पना तिथे मोडली. जिवंत माणसाच्या जखमेतूनही ते हातावर येत होतं, आणि दाराशी धुतलेला हात पहिल्याच खाटेपाशी पुन्हा दूषित होत होता. त्यानंतर प्रत्येक रुग्णानंतर क्लोरीनने हात धुण्याचा नियम झाला.

तो नियम व्हिएन्नाबाहेर फारसा पोहोचला नाही. सेमेलवाइस यांनी आपलं म्हणणं पुस्तकरूपाने मांडलं ते थेट 1861 मध्ये. वरिष्ठांचा विरोध होता हे खरंच, पण क्लोरीनने हात सोलवटून निघत हेही तितकंच खरं. दिवसातून वीस वेळा तसल्या पाण्यात हात बुडवणं कुणाच्याही कातडीला झेपत नाही. 13 ऑगस्ट 1865 रोजी व्हिएन्नाजवळच्या मनोरुग्णालयात सेमेलवाइस वारले. आदल्याच दिवशी ग्लासगोमध्ये शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी 11 वर्षांच्या एका मुलाच्या उघड्या अस्थिभंगावर कार्बोलिक आम्ल या जंतुनाशकात भिजवलेली पट्टी बांधली होती.

लिस्टर यांच्यानंतर सगळं लक्ष शस्त्रक्रियागृहाकडे गेलं. वाफेच्या दाबावर चालणारं ऑटोक्लेव्ह आलं आणि उपकरणांचा प्रश्न पुष्कळसा सुटला, कारण 121 अंश सेल्सियसची वाफ किती मिनिटं द्यायची हे मोजता येतं. हात उकळता येत नाहीत. रबरी हातमोजेही आधी कातडीसाठीच आले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पारायुक्त द्रावणाने कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात फुटले, म्हणून 1889-90 च्या सुमारास शल्यविशारद हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ मोजे करून घेतले. मोज्यांमुळे जखमाही कमी चिघळतात हे नंतर लक्षात आलं.

वॉर्ड मात्र मागे राहिला. पेनिसिलिन आल्यावर काही वर्षं ही बाब तातडीची वाटेनाशी झाली. मग 1950 च्या दशकात पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या साथी नवजात बाळांच्या कक्षांत पसरल्या, आणि 1959 मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्की इथे फक्त संसर्ग नियंत्रणासाठी पहिली परिचारिका नेमली गेली. 1961 मध्ये मेथिसिलिन या प्रतिजैविकालाही न जुमानणारे जंतू ब्रिटनमध्ये सापडले. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष 1985 मध्ये आला : नोंदी ठेवणारी आणि प्रत्यक्ष नियंत्रण करणारी यंत्रणा, 250 खाटांमागे एक पूर्णवेळ संसर्ग नियंत्रण कर्मचारी आणि प्रशिक्षित डॉक्टर असतील, तर सुमारे 32 टक्के संसर्ग टाळता येतात.

आपल्याकडच्या वॉर्डांत बराच काळ दारापाशी स्टँडवर लोशनचं तसराळं आणि शेजारी एकच नॅपकिन असे. राउंडला आलेला प्रत्येक जण त्यातच हात बुडवी. ही रचना म्हणजे 1847 च्या उन्हाळ्यातलाच दाराशी धुण्याचा नियम, आणि त्यातही पाणी सगळ्यांना मिळून एकच. पातळ केलेल्या सॅव्हलॉनसारख्या द्रावणात स्यूडोमोनास जातीचे जंतू जगतात, वाढतातही. ओल्या नॅपकिनचं तेच. त्यामुळे असं तसराळं अजून कुठे दिसलं तर ते उचलूनच टाकावं, द्रावण बदलून भागत नाही.

वेळेचं गणित 1990 च्या दशकात पुढे आलं. साबण-पाण्याने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, बेसिनपर्यंतचं जाणं-येणं वेगळं. अतिदक्षता विभागात प्रत्येक वेळी हे करायचं म्हटलं, तर पाळीतला केवढा तरी वेळ त्यातच जातो. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते यांच्या गटाला दिसलं की काम जितकं जास्त, तितकं हात धुणं कमी. म्हणून त्यांनी बेसिनकडे माणूस पाठवण्याऐवजी अल्कोहोलची बाटली खाटेपाशी आणि खिशात आणली. चोळायला 20 ते 30 सेकंद, नळ नको, नॅपकिन नको. 1994 ते 1997 या काळात नियमाचं पालन 48 वरून 66 टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयातल्या संसर्गांचं प्रमाण 1998 पर्यंत 16.9 वरून 9.9 टक्क्यांवर उतरलं. सुधारणा मुख्यतः परिचारिकांमध्ये झाली. डॉक्टर मागेच राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये याच अनुभवावर मार्गदर्शिका काढली. ‘कधी’ला पाच उत्तरं मिळाली : रुग्णाला हात लावण्याआधी, सलाइनची सुई किंवा कॅथेटर यांसारख्या निर्जंतुक कामाआधी, रक्त वा स्रावाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. खाटेचा कठडा आणि मॉनिटरचं बटण या पाचव्यात येतात, आणि हमखास सुटतो तो हाच. हातमोजे घातले की यातलं काही करावं लागत नाही, हा समज तर घातकच. तेच मोजे घालून तीन खाटा फिरणं म्हणजे व्हिएन्नातली ती पहिली खाट पुन्हा.

हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रावण रुग्णालयाच्या फार्मसीतही करता येतं. 10 लिटरसाठी 96 टक्के इथेनॉल 8333 मिली, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 417 मिली, 98 टक्के ग्लिसरॉल 145 मिली, आणि 10 लिटरच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी. पेरॉक्साइड हातासाठी नाही, बाटलीत शिरलेले बीजाणू, म्हणजे जंतूंची चिवट सुप्त रूपं, मरावीत म्हणून असतं, त्यासाठी भरलेल्या बाटल्या 72 तास तशाच ठेवायच्या. ग्लिसरॉल कातडीसाठी. पाणी न घालता ‘जास्त कडक’ द्रावण करण्याचा मोह चुकीचा, कारण जंतूंची प्रथिनं मोडायला पाणी लागतं आणि नुसतं अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. हे द्रावण सुमारे साडेसतरा अंशांपासूनच पेट घेऊ शकेल अशी वाफ देतं, तेव्हा साठा उन्हात किंवा गॅसजवळ नको. 2020 मध्ये महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधूनही सॅनिटायझर बाहेर पडलं. उसाच्या मळीपासूनचं इथेनॉल या कामाला चालतं.

साबण मात्र सुटलेला नाही. हात डोळ्यांना मळलेले दिसत असतील, किंवा जुलाबाच्या रुग्णात क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूची शंका असेल, तर पाण्यानेच धुवायचे. त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. आणि अर्धी रिकामी बाटली वरून भरायची नाही. ती रिकामी करून, धुऊन, निर्जंतुक करून मगच भरायची.

पालन होतं की नाही हे पाहायला निरीक्षक उभा केला की तेवढा वेळ सगळे हात चोळतात. म्हणून स्टोअरचं रजिस्टरही बघावं. संघटनेच्या मूल्यमापनात 1000 रुग्ण-दिवसांना या द्रावणाचा किमान 20 लिटर वापर धरला आहे. 30 खाटांचा वॉर्ड महिनाभर भरलेला असेल तर 900 रुग्ण-दिवस होतात, म्हणजे 18 लिटर, अर्ध्या लिटरच्या 36 बाटल्या. एका वेळेला 3 मिली धरलं तर एका रुग्णामागे दिवसाला सहा-सातच वेळा हात चोळले जातात. इंडेंटवर, म्हणजे स्टोअरकडच्या मागणीपत्रावर, महिन्याला आठ-दहा बाटल्या दिसत असतील, तर तपासणी-ड्रेसिंगच्या बहुतेक वेळा हात तसेच पुढच्या खाटेवर गेलेले असतात.