ग्रिटव्हिकेनचा गंज आणि अमूर्त फोटोग्राफी

ग्रिटव्हिकेन म्हणजे दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावरचं देवमाशांच्या शिकारीचं बंद पडलेलं स्टेशन. बेटावर विमानतळ नाही, फॉकलंड बेटांपासून साधारण १४०० किलोमीटर बोटीनेच यावं लागतं, तरी लोक येतात, पेंग्विन आणि सीलचे फोटो काढतात, अंटार्क्टिकाचा शोधक शॅकलटनच्या कबरीपाशी जाऊन येतात, आणि त्यातले काहीजण मग गंजलेल्या टाकीच्या पत्र्याला जवळजवळ नाक लावून तासभर उभे राहतात. हे लोक टाकीचा फोटो काढत नसतात, पत्र्यावरचे डाग, ओघळ, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या रांगा, सुटलेल्या रंगाचे पापुद्रे एवढंच फ्रेममध्ये घेतात, म्हणजे बघणाऱ्याला वस्तू ओळखूच येऊ नये. यालाच अमूर्त किंवा ॲबस्ट्रॅक्ट फोटोग्राफी म्हणतात.

स्टेशन १९०४ मध्ये नॉर्वेजियन कप्तान कार्ल आंतोन लार्सनने अर्जेंटिनातल्या पैशावर सुरू केलं. १९६६ पर्यंत ते कायमचं बंद झालं, कारण आसपासच्या समुद्रात मारण्याइतके देवमासे उरलेच नव्हते. बेटावरच्या सगळ्या स्टेशनांवर मिळून सुमारे पावणेदोन लाख देवमासे कापले गेले.

फोटोंच्या दृष्टीने खरी गंमत झाली २००३-०४ च्या साफसफाईत. फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस आणि टाक्यांमधलं उरलेलं तेल काढताना मोडकळीला आलेल्या बऱ्याच इमारती पाडल्या, त्यामुळे चरबी उकळायच्या मोठमोठ्या टाक्या, बॉयलर, साखळ्या, हाडं कापायची यंत्रं असं सगळं एकदम उघड्यावर आलं. लीथ, स्ट्रॉमनेस, हूसविक ही बाकीची स्टेशनं तशीच पडून आहेत, पण ॲस्बेस्टॉस आणि वाऱ्यात उडणारे पत्रे यामुळे तिथे २०० मीटरच्या आत जायला बंदी आहे. म्हणून जे काय करायचं ते ग्रिटव्हिकेनलाच. किनाऱ्याला लागलेली १९२८ ची पेट्रेल ही शिकारी बोटही इथेच आहे.

समुद्राच्या खाऱ्या तुषारातल्या मिठामुळे लोखंड फार लवकर गंजतं. ताजा गंज नारिंगी, जुना घट्ट बसलेला तपकिरी, आणि ऑक्सिजन कमी पोचतो तिथला काळा, त्यात बर्फ वितळून ओघळ येतात, म्हणून एकाच पत्र्यावर सगळे रंग सापडतात. कॅमेरा पत्र्याला अगदी समांतर धरायचा, नाहीतर एक कोपरा शार्प आणि दुसरा ब्लर. ॲपर्चर एफ ८ ते ११ पुरतं. ढगाळ हवा उत्तम, ऊन पडलं तर रिव्हेटांच्या सावल्या येतात आणि त्यातून साइज कळतो, मग ॲबस्ट्रॅक्टची मजाच गेली. ओल्या गंजाला चमक असते ती लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून कापता येते, पण सगळी कापू नका, थोडी राहिली की रंग जिवंत वाटतो. पाठीमागे लक्ष ठेवा, टाक्यांच्या मधल्या गवतात फर सील झोपलेले असतात आणि चावतात.

या पद्धतीचं मोठं नाव म्हणजे अमेरिकेचा ॲरन सिस्किंड. आधी तो न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत डॉक्युमेंटरी काम करायचा, १९४० च्या दशकात किनाऱ्यावरचे दोर, टाकलेले हातमोजे, पोपडे आलेल्या भिंती यांच्याकडे वळला, आणि फ्रान्झ क्लाइनसारख्या अमूर्त चित्रकारांमध्ये त्याची ऊठबस होती. पण त्याच्या दोराला मागे एवढा रक्ताचा इतिहास नव्हता. ग्रिटव्हिकेनचा पत्रा क्रॉप केला की फक्त सुंदर नारिंगी उरतं आणि त्यात काय शिजत होतं ते फ्रेमच्या बाहेर जातं, म्हणून "शीर्षकहीन ७" असली नावं इथे मला तरी पळवाट वाटतात. टाकी कसली, जागा कुठली, एवढं तरी कॅप्शनमध्ये लिहावं.

एवढ्या लांब जायचे पैसे नसतील तर मुंबईत माझगावजवळ दारूखान्यात जुन्या बोटी तोडतात, तिथला गंजही याच जातीचा आहे, फक्त आत कॅमेरा न्यायचा तर आधी परवानगी काढा.