रक्ताच्या थेंबातून परतणारा प्रकाश

पोर्फिरिनच्या द्रावणावर अंधारात ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश टाकला, की ते लाल चमकू लागतं. शरीर रक्तासाठी 'हीम' (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) बनवतं तेव्हा मधल्या टप्प्यांवर हे रेणू तयार होतात आणि कर्करोगाच्या काही गाठींमध्ये ते प्रमाणाबाहेर साठतात. मेंदूच्या काही गाठी काढताना रुग्णाला आधी अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल पाजतात ते याचसाठी; शरीरात त्यापासून पोर्फिरिन बनतं. निळ्या प्रकाशात गाठ लालसर दिसते आणि सर्जनला तिची हद्द कळते.

गाठीत झालेला असा बदल रक्त, लाळ किंवा लघवीतही उतरत असेल, तर शरीराला चिरा न देता तो वाचता यायला हवा. कर्करोगासाठीच्या वर्णपटाच्या चाचण्यांमागची, म्हणजे नमुन्यातून परतणाऱ्या प्रकाशात कोणते रंग किती आहेत ते पाहणाऱ्या चाचण्यांमागची, आशा ही आहे. प्रथिनांमधल्या ट्रिप्टोफॅनला २८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश दिला, तर ते ३५० च्या आसपास प्रकाश परत देतं. पोर्फिरिनचा प्रकाश ६३० च्या जवळ येतो. रामन पद्धतीत लेझरचा प्रकाश द्रवावर सोडतात. त्यातला अगदी नगण्य भाग रंग किंचित बदलून विखुरतो आणि हा बदल कोणत्या रेणूत कोणते बंध आहेत ते सांगतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेला परिणाम तो हाच. संकेत फार क्षीण असल्यामुळे नमुना चांदीच्या किंवा सोन्याच्या नॅनोकणांवर ठेवून तो कित्येक पटींनी वाढवतात.

इथवर सगळं पक्कं आहे. अडचण पुढे येते, आणि माझ्या मते तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. वर्णपटात कर्करोग दिसत नाही, दिसतं ते बदललेलं रसायन. यकृताचा आजार, जंतुसंसर्ग, साधी सूज यांनीही ते बदलतं. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तर हिमोग्लोबिन सगळा आलेख झाकोळून टाकतं. नमुना किती वेळ, कोणत्या तापमानाला ठेवला यानेही फरक पडतो. म्हणून कर्करुग्णांची तुलना फक्त ठणठणीत माणसांशी करून आलेल्या आकड्यांवर मी भरवसा ठेवणार नाही. तुलना इतर आजारी माणसांशीही व्हायला हवी.

समजा, १,००० लोकांमध्ये ५ जणांना कर्करोग आहे. चाचणी रुग्णांपैकी ९० टक्के बरोबर पकडते आणि निरोग्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडते. तरीही साधारण १०० निरोगी माणसांना 'संशयित' असा अहवाल मिळेल. त्यांची झोप उडेल, पुढच्या तपासण्या मागे लागतील, कुणाची विनाकारण बायोप्सीही होईल. निदान पक्कं करायला आजही गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो.

मला खरी आशा वाटते ती उपचार झालेल्या रुग्णांच्या बाबतीत. तिथे तुलना परक्या माणसाशी करावी लागत नाही. त्याच रुग्णाचा आधीचा वर्णपट हाताशी असतो. वय, आहार, जुने आजार यांमुळे माणसामाणसांत पडणारा फरक त्यात बराचसा गळून पडतो. दर काही महिन्यांनी घेतलेल्या थेंबभर रक्ताचा आलेख आधीच्या आलेखापासून सरकू लागला, तर स्कॅन लवकर करायचा की नाही हे डॉक्टरांना ठरवता येईल.